हिरवळ, चिनी गुलाब आणि माळ्याचा पाइप

हौशी: काका, हिशेब सरळ आहे. आपल्या सोसायटीची हिरवळ दोन हजार चौरस फूट, म्हणजे १८६ चौरस मीटर. एप्रिल-मेच्या उन्हात ती हिरवी ठेवायची तर चौरस मीटरला दिवसाला पाच लिटर तरी पाणी धरा. झाले रोजचे नऊशे तीस लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दहा-अकरा दिवसांत नुसत्या गवतावर संपतो. आणि एवढं पाणी पिऊन ते गवत करतं काय? ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी आपणच तिच्या मधोमध रोवली आहे. चालायचंच नसेल तर तिथे चिनी गुलाब लावू. कडेने बेबी सनरोझ, जिथे दुपारनंतर सावली येते तिथे पर्पल हार्ट. सगळी जाड पानांची, जमिनीलगत पसरणारी, पाणी पोटात साठवून ठेवणारी. महिनाभरात जमीन झाकली जाईल. मशीन नको, खत जवळजवळ नकोच, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी दिलं तरी पुरे. तिकडे अमेरिकेत नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला. लास व्हेगसच्या परिसरात ज्या शोभेच्या गवतावर कुणी पाऊल ठेवत नाही, त्याला कोलोरॅडो नदीचं पाणी २०२७ पासून बंद. आपल्याला कायद्याची वाट कशाला बघायची?

शंकेखोर: तुझं गणित चूक नाही, पण ते आठ महिन्यांचं आहे. वर्ष बारा महिन्यांचं असतं. लास व्हेगसला वर्षभरात चार इंच पाऊस पडतो. आपल्या पुण्यात सातशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अठ्ठावीस इंच, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तू दुष्काळात टिकणारी झाडं आणते आहेस, पण जूनमध्ये त्यांची परीक्षा दुष्काळाच्या विषयाची नसतेच. मी हे करून बसलोय. निवृत्त झालो त्या वर्षी घरामागच्या वाफ्यात हेच सगळं लावलं होतं. मेपर्यंत गालिचा. येणारा-जाणारा थांबून बघायचा. जुलैत सलग नऊ दिवस झड लागली. दहाव्या दिवशी ऊन पडलं म्हणून बघायला गेलो, तर वरून सगळं हिरवंच. एक फांदी सहज उचलली, ती हातातच आली. मातीलगतचं देठ उकडलेल्या बटाट्यासारखं झालेलं, बोटाने दाबलं की पाणी सुटत होतं. पानं अर्धपारदर्शक, गरम पाण्यातून काढल्यासारखी. आणि जे कुजलं नव्हतं ते शंखी गोगलगायींनी संपवलं. पाणी साठवणं हा ज्याचा गुण, त्याला आणखी पाण्यात उभं केलं की गुणाचाच अवगुण होतो.

हौशी: तुमचा वाफा काळ्या मातीचा होता ना?

शंकेखोर: होता. मी अमरावतीचा माणूस. काळ्या मातीशिवाय दुसरीला माती म्हणायला जीभ वळत नाही.

हौशी: मग दोष झाडाचा कसा? काळी माती पाणी धरून ठेवते, कापसाला ते मानवतं, याला नाही. याला मुरूम हवा, विटांचा चुरा हवा, भरड वाळू हवी. शेणखत अगदी नावापुरतं. आणि सपाट जमिनीत लावायचंच नाही, वीतभर उंच गादीवाफा करायचा, मधे फुगीर, कडांना उतार. तुम्ही आयुष्यभर शेतकऱ्यांना गादीवाफे करायला सांगितलेत, मग घरामागे का केला नाहीत? आणि जाड पानांची झाडं पावसाळी मुलखात जगतच नाहीत, असं तर मुळीच नाही. आपल्या शिवनेरीच्या कड्यावर शिवसुमन आहे. महाराष्ट्राबाहेर ते रानात कुठेही उगवत नाही. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याच्या प्रजातीचं नाव फ्रेरिया ठेवलं गेलं. त्याचं देठ गरदार, पावसाळ्यात पानं फुटतात, किरमिजी रंगावर पिवळी नक्षी असलेली चांदणीसारखी फुलं येतात. ऊन वाढलं की पानं गळतात आणि नुसतं देठ तग धरून राहतं. म्हणजे सह्याद्रीचा पाऊस आणि सह्याद्रीचा उन्हाळा, दोन्ही त्याने पचवलंय.

शंकेखोर: कड्यावर! तुझ्याच तोंडून आलं. तिथे पाणी पडलं की पुढच्या क्षणाला खाली. बेसाल्टच्या भेगेत मूठभर माती, त्यात हे उगवतं. आता आपली हिरवळ कुठे आहे ते आठव. पार्किंगच्या स्लॅबवर. बिल्डरने वर फूटभर लाल माती पसरली, पाणी जायला दोन कोपऱ्यांत दोन भोकं ठेवली, त्यातलं एक पहिल्याच वर्षी गाळाने बुजलं. त्या मातीला उतार नाही, खोली नाही, आणि खाली काँक्रीट. शिवनेरीचा कडा उभा आहे, आपण त्याची आडवी परात केली आहे. गादीवाफा कर म्हणतेस तर मुरुमाच्या गाड्या आणाव्या लागतील. ते वजन स्लॅब पेलेल का, हे आधी इंजिनिअरला विचारावं लागेल. आणि ‘कमी देखभालीची बाग’ म्हणून जी सुरू झाली तिची पहिली पायरी स्ट्रक्चरल रिपोर्टची झाली.

हौशी: रिपोर्टचं काम एकदाचं आहे. बुजलेलं भोक तर गवतासाठीही मोकळं करायला हवंच. खालच्या गाड्यांवर पाणी ठिबकतं म्हणून दर सभेत भांडण होतं. ते पाणी काही आभाळातून येत नाही, मार्च-एप्रिलमध्ये आपणच रोज गवतावर ओततो. वरचं पाणी कमी केलं तर खालचं ठिबकणं कमी होईल, हाही माझ्याच बाजूचा मुद्दा आहे.

शंकेखोर: तो तुझ्या खात्यावर लिहितो. पण टँकरचं पाणी हिरवळीला जातं, हे अर्धसत्य आहे. आपल्याकडे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आहे. ते पाणी पिता येत नाही, फ्लशला वापरून उरतं, ते कुठेतरी घालावंच लागतं. हिरवळ ते पिते. तू हिरवळ काढलीस तर ते पाणी गटारात जाईल. मग वाचलं काय?

हौशी: प्लांट चालतो तेव्हा. वर्षातले किती दिवस तो बंद असतो, हे तुम्हीच सभेत विचारलं होतं. बंद पडला की त्याच पाइपातून टँकरचं पाणी सोडलं जातं, कारण गवत दोन दिवस थांबत नाही. थांबू शकणारं झाड असणं म्हणजे काय, ते इथे कळतं. आणि प्लांटचं पाणी उरत असेल तर ते मोठ्या झाडांना द्या ना! त्या दोन बकुळींना, कडुनिंबाला. त्यांची सावली सगळ्यांच्या डोक्यावर पडते.

शंकेखोर: हं. आता सावलीचं निघालंच आहे, तर एक गोष्ट सांगतो. ती तुझ्या नर्सरीवाल्याने सांगितली नसेल. गवताचं पाणी वाया जातं असं तू म्हणतेस, पण ते पाणी पानांतून वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. संध्याकाळी हिरवळीवर अनवाणी पाय ठेवला की गार लागतो, तो त्यामुळे. तुझी जाड पानांची झाडं पाणी वाचवतात कशी? बरीचशी दिवसा आपली रंध्रं मिटून घेतात. रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा दारं लावून आतल्या आत अन्न करतात. पानफुटीचं पान सकाळी चावून बघ, आंबट लागेल. दुपारी तेच पान बेचव. १८१३ साली बेंजामिन हाइन नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे भारतातल्या आपल्या बागेतली पानं चाखून लंडनच्या लिनियन सोसायटीला कळवलं. चातुर्य मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण दिवसा दार लावून बसलेलं झाड तुला गारवा देणार नाही. वाचलेल्या पाण्याची किंमत तू उकाड्यात मोजशील. तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचार.

हौशी: हे मी खरंच धरलं नव्हतं. पण चिनी गुलाबाच्या बाबतीत तुम्ही सांगताय ते अर्धंच लागू पडतं. तो आपल्या घोळाच्या भाजीचा सख्खा भाऊ. ही दोघं एरवी मका-ज्वारीसारखी दिवसाच काम करतात, पाणी पुरतं तोवर रंध्रं उघडी ठेवतात. पाणी तुटलं की मग थोडी थोडी त्या रात्रीच्या पाळीकडे वळतात. म्हणजे द्याल तेवढं पाणी खर्च करतील आणि नाही दिलं तर उपाशी मरणार नाहीत. गवताशी तुलना करता गारवा कमी, हे मान्य. उघड्या फरशीपेक्षा कमी का असेल?

शंकेखोर: फरशीपेक्षा बरा असेल. पण तू फरशी काढायला निघालेली नाहीस, गवत काढायला निघाली आहेस.

हौशी: बरं, मग तुम्ही सांगा. उपाय काय? टँकर चालू ठेवायचा?

शंकेखोर: माझा उपाय तुला आवडणार नाही. गवतच ठेव, पण हे परदेशी मखमली गवत नको. हरळी येऊ दे. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे हीच. शेतकरी तिला शिव्या देतो, का? तर ती मरत नाही. जमिनीखाली तिची मुळकांडं जातात, उन्हाळ्यात वरून वाळून पिवळी पडते, पहिल्या पावसात आठ दिवसांत हिरवी. तिच्यावर चालता येतं, पोरांना लोळता येतं. तुझ्या चिनी गुलाबावर एक चेंडू पडला आणि तो आणायला तीन पोरं धावली की देठं मोडून चिखल. हरळीला उन्हाळ्यात पाणी देऊच नका. चार महिने पिवळी राहील. राहू दे की! आमच्या गावाकडे उन्हाळ्यात कुठलं माळरान हिरवं असतं?

हौशी: आणि ती पिवळी हिरवळ बघून सभेत पहिला ठराव कुणाचा येईल? ‘माळी काम करत नाही.’ तुम्ही म्हणता ते शहाणपणाचं आहे, पण ते माणसांच्या डोळ्यांना पचणारं नाही. माझ्या झाडांचं तेवढंच सांगणं आहे, की ज्या चार महिन्यांत तुमची हरळी पिवळी असते, त्याच चार महिन्यांत ती ऐन फुलात असतात. गुलाबी, शेंदरी, लिंबासारखी पिवळी. सकाळी दहाच्या सुमारास एखादं एकेरी पाकळ्यांचं फूल निवडून त्याच्या पुंकेसरांना काडीने हलकेच शिवून बघा. जिकडून स्पर्श झाला तिकडे ते सावकाश झुकतात. फुलोरी माशी उतरली की अंगभर पराग घेऊन उठते. मी खाली वाकून अर्धा तास हे बघत बसले होते.

शंकेखोर: सुट्टीच्या दिवशी बसली असशील. या फुलांना लोक ‘ऑफिस टाइम’ म्हणतात, आणि गंमत बघ, ऑफिसला जाणाऱ्याला ती कधी दिसतच नाहीत. तो नऊला बाहेर पडतो तेव्हा कळ्या, सातला परततो तेव्हा मिटलेल्या पुरचुंड्या. ढगाळ दिवशी तर उघडतच नाहीत. आपल्या सोसायटीतली बहुतेक माणसं ज्या वेळी बागेत येतात, त्या वेळी तुझी बाग बंद असेल.

हौशी: घरात दिवसभर असणारी माणसं माणसं नाहीत का? तुम्ही आहात, तुमच्याबरोबर कट्ट्यावर बसणाऱ्या आज्या आहेत, सकाळी बाळाला कडेवर घेऊन फिरवणाऱ्या आया आहेत. आतापर्यंत बाग संध्याकाळी फेऱ्या मारणाऱ्यांच्या सोयीने ठरली. एकदा सकाळच्यांच्या सोयीने ठरू दे.

शंकेखोर: हा मुद्दा तू बनवून आणला नव्हतास, आत्ता सुचला. म्हणूनच चांगला आहे. पण माझा खरा आक्षेप अजून आलाच नाही. तो ‘कमी देखभाल’ या दोन शब्दांवर आहे. गवतात तण आलं तर काय करतो? मशीन फिरवतो. तण आणि गवत एकाच उंचीला कापलं जातं, लांबून सगळं हिरवं. तुझ्या गालिच्यात मशीन फिरवता येत नाही. त्यात लव्हाळा आला की तो हाताने काढायचा. आणि लव्हाळा असा येतो की वरचं पातं उपटलं तर खाली गाठ शाबूत, पंधरा दिवसांत पुन्हा हजर. ती गाठ उकरायला गेलं की भोवतीची चार रोपं उपटून येतात. मी दोन हजार फुटांत हे करणाऱ्या बायांना काय मजुरी पडते ते जाणतो. शिवाय चिनी गुलाब सहा महिन्यांत लांबट होतो, मधे उघडा पडतो, फुलं टोकाला जातात. म्हणजे तो छाटायचा, त्याच फांद्या पुन्हा टोचायच्या. वीतभर अंतराने धरलंस तर शंभर फुटाला पावणेदोनशे कलमं. पिठ्या ढेकूण आला तर फवारणी. पाणी वाचलं हे खरं, पण ती देखभाल गेली कुठे? नळातून निघून कुणाच्या तरी कमरेत जाऊन बसली.

हौशी: लव्हाळ्याचं तुम्ही म्हणता ते खरंय. लागवडीआधीच त्याचा बंदोबस्त करावा लागतो. माती खणून गाठी वेचायच्या, मे महिन्यात ओल देऊन वर पारदर्शक प्लास्टिक घालून जमीन भाजून काढायची. तरी सगळा जाणार नाही. पण काका, कमरेतून जे काम जाणार आहे ते तुम्ही मोजत नाही. कापण्याचं मशीन ओढणं, दर आठवड्याला कापलेलं गवत पोत्यात भरणं, युरिया फेकणं, सकाळ-संध्याकाळ पाइप धरून उभं राहणं. एक काम रोजचं आहे, दुसरं हंगामाचं. माझं म्हणणं आता असं बदलते: देखभाल कमी होणार नाही, तिची वेळ बदलेल. ऑक्टोबरात लावायचं. मेपर्यंत ते जवळपास स्वतःचं स्वतः बघेल. जूनच्या आधी प्रत्येक जातीच्या दोन-चार कुंड्या छताखाली उचलून ठेवायच्या. पावसात बाकीचं गेलं तर गेलं. पुन्हा ऑक्टोबरात त्या कुंड्यांतल्या फांद्या तोडून टोचायच्या.

शंकेखोर: म्हणजे तू बाग करत नाहीस, रब्बीचं पीक घेते आहेस.

हौशी: म्हणा तसं. तुम्हाला तर ते आवडायला हवं.

शंकेखोर: आवडलं, म्हणून जास्त विचारतो. पावसाळ्याचे चार महिने तिथे काय? चिखल?

हौशी: जे उगवेल ते. घोळ आपोआप येईल. तीही जाड पानांचीच, जमिनीलगतच. टाकळा येईल, तो कोवळा असतानाच खुडायचा.

शंकेखोर: विदर्भात चिवळ असते, तुला ठाऊक आहे? घोळाच्याच जातीची, पण पान अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढं, जमिनीला चिकटून पसरते, पिवळं इवलं फूल. उन्हाळ्यात बाजारात ढीग येतो. निवडायला जीव खाते, कारण माती प्रत्येक पेरात अडकलेली. माझी आई तीन-चार पाण्यांतून धुवायची आणि बेसन पेरून भाजी करायची. आंबूस. तू जे नर्सरीतून पिशवीला चाळीस रुपये देऊन आणणार, त्याचं घरचं भावंड आमच्या शेताच्या बांधावर फुकट होतं आणि आम्ही ते शोभेचं आहे असं कधी बघितलंच नाही. ते एक तर भाजी होतं नाही तर तण.

हौशी: मग चिवळच लावू की! कडेच्या पट्ट्यात तरी.

शंकेखोर: लाव. पण एक ध्यानात घे, त्यातलं काहीही आपण म्हटलं म्हणून आपल्या वाफ्यात राहत नाही. बाहेरून आणलेलं तर त्याहून नाही. दक्षिण आफ्रिकेतलं जाड पानांचं एक पसरणारं झुडूप कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर रेल्वेमार्गांच्या कडेने लावलं, वाळू धरून ठेवायला. काम चोख केलं त्याने. इतकं चोख, की आता तिथल्या वाळूच्या टेकड्यांवरची स्थानिक झाडं त्याच्याखाली दडपली आणि लोक ते हाताने ओढून काढतात. मघाची ती पानफुटी मादागास्करची, पानाच्या कडेला पिल्लं फुटणारी. कितीतरी बेटांवर ती अशीच माजली आहे. कमी देखभालीत जे जगतं, ते देखभाल थांबवली तरी जगतं. थांबवायचं असेल तेव्हाही.

हौशी: म्हणून यादीत पानफुटी नाही. आणि स्लॅबवरच्या परातीतून ते जाणार कुठे? काँक्रीट तुम्हाला मघाशी वैरी वाटत होतं, इथे ते माझं कुंपण आहे.

शंकेखोर: हे बरं आहे तुझं. बरं, सगळी नको, एक तुकडा करू. चारशे फूट, पाणी निघून जायचं शाबूत भोक जिथे आहे त्या कोपऱ्यात. शेजारी चारशे फूट हरळी, बिनपाण्याची. बाकीचं आहे तसं. वर्षभराने बघू. पण त्याआधी मला एक सांग. पाइप कुणाच्या हातात राहणार?

हौशी: माळीदादांच्या. आणखी कुणाच्या?

शंकेखोर: तिथेच घोडं अडतं. मी माणसाला दोष देत नाही. गेली कित्येक वर्षं त्याला सगळ्या बाल्कन्यांतून लोक बघतायत. हातात पाइप दिसला तर माळी काम करतोय, दिसला नाही तर बसून पगार खातोय. लव्हाळा उकरताना तो खाली वाकलेला असतो, तो चौथ्या मजल्यावरून कुणाला दिसत नाही. म्हणून तो पाणी देतो. गरज असो-नसो, रोज देतो. तुझ्या चिनी गुलाबाला पावसाळ्याआधी कुणी मारणार असेल, तर हे पाणीच मारेल.

हौशी: मग नळाची किल्ली माझ्याकडे द्या. आठवड्यातून एकदा मी स्वतः पाणी सोडेन.

शंकेखोर: आणि मे महिन्यात माहेरी गेलीस की?

हौशी: गेले तर गेले. पंधरा दिवस एक थेंब मिळाला नाही तरी ती झाडं जगतील. तेच तर मघापासून सांगतेय.

शंकेखोर: झाडं जगतील गं. मी माळ्याचं विचारतोय. ते पंधरा दिवस त्याने बाल्कन्यांना काय दाखवायचं?